पायबंद घातलेली घोडी

डोंगरउतारावरच्या एका जंगलात, बारमाही वाहणाऱ्या ओढ्याच्या काठी, एक म्हातारी गाढवीण एकटीच राहत असे. जन्मभर तिने वीटभट्टीवर विटा वाहिल्या होत्या. पाठ वाकली, गुडघे सुजू लागले, तेव्हा भट्टीवाल्याने तिला हाकलून दिले आणि ती चालत चालत इथवर आली. जंगलातल्या इतर प्राण्यांना तिचे फारसे काही वाटत नसे. हरणांना ती संथ वाटे, रानडुकरांना कंटाळवाणी. तीही कुणाच्या अध्यातमध्यात नसे. सकाळी हरळी चरावी, दुपारी जांभळाच्या सावलीत उभे राहावे, ऊन उतरले की ओढ्यावर पाणी प्यावे, असा तिचा दिनक्रम होता. मात्र मुलांनो, त्या सावलीत ती नेहमी एका कडेला उभी राही. शेजारी आणखी कुणी सहज उभे राहू शकेल, एवढी जागा मोकळी सुटलेली असे. आपण असे का करतो, हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आलेले नव्हते.

डोंगराच्या माथ्यावर थंड हवेचे एक गाव होते. तिथे दूरदूरचे लोक येत आणि हौसेने घोड्यावर बसून रपेट करीत. माघातल्या एका सकाळी त्या गावाकडून एक माणूस एका घोडीला ओढत ओढत उतारावर घेऊन आला. त्याने तिच्या पाठीवरचे खोगीर काढून आपल्या खांद्यावर टाकले, तोंडातला लगाम काढून घेतला आणि मागे वळूनही न पाहता तो आल्या वाटेने निघून गेला. तिच्या पुढच्या दोन्ही पायांना जखडणारा दोरीचा पायबंद मात्र त्याने सोडला नाही. तो विसरला, की घोडीने आपल्या मागे येऊ नये म्हणून त्याने तो मुद्दाम ठेवला, कोण जाणे.

घोडीची दशा पाहवत नव्हती. बरगड्या एकेक करून मोजून घ्याव्यात, अशा वर आल्या होत्या. खोगिराखाली पाठ सोलवटून जखम झाली होती आणि तिच्यावर माश्या घोंगावत होत्या. कुणी निगाच न राखल्यामुळे खूर वाढून पुढे वळले होते. तिला पाऊल असे टाकताच येत नव्हते. पुढचे दोन पाय जोडीने उचलायचे आणि बेडकासारखी एक छोटी उडी मारायची, एवढेच काय ते तिचे चालणे.

समोरच्या खडकावर बसलेल्या कोल्ह्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "दोन दिवस," तो जिभल्या चाटत म्हणाला. "फार तर तीन." आणि पुढच्या पंजांवर हनुवटी टेकून तो निवांत वाट पाहत बसला.

झाडावरच्या माकडाला मात्र राहवेना. माकड मनाने फार मऊ होते, पण तितकेच उतावळे. "अरेरे! काय हे हाल! काहीतरी केलं पाहिजे! आत्ताच्या आत्ता केलं पाहिजे!" असे ओरडत ते सरसर खाली उतरले आणि हात पुढे करून थेट घोडीकडे धावले. उगारलेल्या हातात चाबूक असतो, एवढेच घोडीला ठाऊक होते. तिने कान मागे पाडले, डोळे पांढरे केले आणि मागे सरायला गेली. पायात पायबंद! ती धाडकन आडवी झाली. माकड घाबरून पुन्हा झाडावर.

गाढवीण हे सगळे लांबून पाहत होती. ती हळूहळू चालत आली आणि घोडीपासून वीसेक पावलांवर थांबली. घोडीकडे पाठ करून तिने चरायला सुरुवात केली. दिवसभर तिने एकदाही मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी ती पंधरा पावलांवर चरली, तिसऱ्या दिवशी दहा पावलांवर. त्या दिवशी दुपारी तिला मागून धप्प, धप्प असा आवाज ऐकू आला. घोडी उड्या मारत जवळ येत होती.

"तू माझ्याकडे बघत का नाहीस?" घोडीने विचारले.

"तुला चालणार असेल तेव्हा बघीन," गाढवीण म्हणाली.

"तुला माझ्याकडून काय हवंय?"

"काही नाही गं बाई. इकडची हरळी कोवळी आहे, म्हणून आले."

हे साफ खोटे होते. इकडची हरळी पार जून झाली होती, आणि तिथे तीन दिवस काढलेल्या घोडीला ते चांगले माहीत होते. तिने काही न बोलता गाढविणीच्या शेजारी मान खाली घातली आणि ते जून गवत चघळू लागली. तेव्हा कुठे गाढविणीने तिच्याकडे पाहिले.

त्या दिवसापासून गाढविणीने तिची काळजी घ्यायला सुरुवात केली. सकाळी ती घोडीला ओढ्याच्या वाहत्या पाण्यात उभी करी, म्हणजे पाय थंड होत. पाठीवरच्या माश्या टिपायला साळुंक्या येत, त्यांना ती येऊ देई. जखमेवर चोच मारणाऱ्या कावळ्यांना मात्र ओरडून हुसकावी. खाण्याच्या बाबतीत ती फार कडक होती. "थोडं खा," ती सांगे. "आता चार पावलं चाल. आता पाणी पी. आता जरा थांब. मग पुन्हा थोडं खा."

हे पाहून माकडाला राग येई. "मावशी, ही कसली कंजुषी? ती उपाशी मरायला टेकलीय आणि तुम्ही तिला चिमटीनं भरवताय!"

"फार दिवस उपाशी राहिलेलं पोट एकदम भरलं, तर ते सोसत नाही रे," गाढवीण म्हणाली. "आमच्या भट्टीवर एक गाढव होतं. आठ दिवसांच्या उपासानंतर त्याला कोंड्याचं पोतं उघडं सापडलं. त्यानं पोटभर खाल्लं, आणि ते परत उठलंच नाही."

माकडाने मान डोलावली, पण मनात म्हटले, म्हाताऱ्यांना नसत्या शंका फार.

दुसऱ्याच दिवशी ते आपल्या सगळ्या टोळीला घेऊन पायथ्याच्या गावात गेले. तिथल्या एका खळ्यावर नुकताच झोडलेला हरभरा पडला होता. माकडांनी गाल फुगेस्तोवर तोंडात हरभरा भरला आणि धावत येऊन घोडीपुढे ओतला. पुन्हा गेली, पुन्हा गाल भरून आली. बघता बघता ढीग झाला. झाडांवरून पाखरे कौतुक करू लागली. "वा! याला म्हणतात दया!" साळुंक्या म्हणाल्या. माकडाची छाती फुगली. गाढवीण त्या वेळी ओढ्याच्या वरच्या अंगाला चांगल्या गवताची जागा शोधायला गेली होती.

घोडीने कित्येक महिन्यांत दाणा पाहिला नव्हता. तिने ढिगात तोंड घातले ते तळाची माती लागेपर्यंत वर काढले नाही. मग तहान लागली, म्हणून ओढ्यावर जाऊन भरपूर पाणी प्यायली. आणि कोरडा हरभरा पोटात फुगू लागला.

गाढवीण परतली तेव्हा घोडी वाळूत पडली होती. पोट ढोलासारखे ताणले होते, अंगाला घाम फुटला होता आणि ती वेदनेने लोळू पाहत होती. खडकावरचा कोल्हा दहा पावले खाली येऊन बसला होता.

"ऊठ!" गाढवीण ओरडली. "लोळू नकोस! लोळलीस तर आतडी पिळवटतील!"

"नाही उठवत," घोडी कण्हली. "पडू दे मला इथंच."

"मुळीच नाही पडू देणार. ऊठ म्हणते ना!"

गाढविणीने तिच्या मानेखाली डोके घालून तिला अक्षरशः रेटून उभे केले. मग दोघी चालू लागल्या. दोन उड्या, विसावा. दोन उड्या, विसावा. घोडी खाली बसू लागली की गाढवीण आपले अंग तिला टेकू म्हणून देई. तिचे सुजलेले गुडघे ठणकत होते, पण ती थांबली नाही. दुपार गेली, सावल्या लांबल्या. माकड झाडाच्या शेंड्यावर तोंड लपवून बसले होते. आणि सूर्य डोंगराआड जाता जाता घोडीच्या मागच्या बाजूने एक दणदणीत आवाज झाला, लगेच दुसरा झाला, आणि ताणलेले पोट हळूहळू सैल पडले.

हसू नका मुलांनो! त्या दिवशी गाढविणीला कोकिळेच्या आवाजापेक्षा तो आवाज गोड वाटला.

दुसऱ्या दिवशी माकड खाली उतरले आणि मान खाली घालून उभे राहिले. "मावशी, मी तर तिचं भलं करायला गेलो होतो."

"ठाऊक आहे मला."

"मग असं कसं झालं?"

"तू ढिगाकडे बघत होतास," गाढवीण म्हणाली. "तिच्याकडे बघत नव्हतास."

माकडाने मान वळवून घोडीकडे पाहिले. मग म्हणाले, "आता मी काय करू?"

"बस."

"कुठं?"

"त्या दगडावर. हात मांडीवर ठेवून."

"किती वेळ?"

"ते ती ठरवील."

माकडाला एका जागी बसायला सांगणे म्हणजे केवढी शिक्षा, याची कल्पना करा! कधी कानात खाज येई, कधी शेपटीवर मुंगी चढे, कधी समोरच्या फांदीवरचे पिकले बोर खुणावू लागे. पण माकड बसले. पहिले काही दिवस घोडी त्या दगडाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. मग ती लांबून त्याच्याकडे पाहू लागली. पुढे चरता चरता जवळून जाऊ लागली. पंधराव्या की सोळाव्या दिवशी तिने मान लांब करून माकडाचे हात हुंगले. त्या हातांत काहीच नव्हते. चाबूक नव्हता, दोरी नव्हती, हरभराही नव्हता. घोडीने एक लांब श्वास सोडला आणि ती तिथेच, त्याच्या शेजारी चरू लागली. माकडाचे डोळे भरून आले, पण त्याने हात हलवला नाही.

दिवस जात होते. घोडीच्या बरगड्या मांसाखाली बुजल्या. पाठीच्या जखमेवर खपली धरली, खपली पडली आणि खाली नवी कातडी आली. ओढ्याकाठच्या खरबरीत कातळावर रोज फिरून खुरांची वळलेली टोके झिजली. दुपारी गाढवीण आणि घोडी जांभळाखाली एकमेकींच्या तोंडाकडे शेपट्या करून उभ्या राहत. हिच्या तोंडावरच्या माश्या ती वारी, तिच्या तोंडावरच्या ही. घोडी रपेटीच्या गोष्टी सांगे, गाढवीण विटांच्या. गाढविणीला वाटू लागले, की आपले गुडघे पूर्वीइतके दुखत नाहीत.

एके सकाळी माकडाने पायबंदाची गाठ बोटांनी चाचपून पाहिली. घोडीने त्याला चाचपू दिली. "मावशी!" माकड आनंदाने ओरडले. "गाठ घट्ट आहे, पण मला उमगलीय. सोडू?"

नेमके त्याच सकाळी, पाणी पिताना, कोल्ह्याने गाढविणीला गाठले होते. घोडी मरेना, म्हणून त्याने आपला बेत बदलला होता. तो लाघवीपणे म्हणाला होता, "गाढवीणबाई, किती बरं वाटतं तुम्हाला जोडीनं पाहून! पण ती पडली घोड्याची जात. पाय मोकळे झाले, की वाऱ्यासारखी निघून जाईल. मग तुम्ही आणि तुमचं जांभळाचं झाड. बघा बुवा, मी आपलं मनातलं बोललो." तो खालच्या वाटेने निघून गेला होता, पण त्याचे शब्द मागे राहिले होते.

"सोडू का मावशी?" माकडाने पुन्हा विचारले.

"आज नको," गाढवीण म्हणाली. "खूर अजून नीट झिजले नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पाठीची कातडी अजून कोवळी आहे." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आज ऊन फार आहे, उद्या बघू." बोलताना ती घोडीकडे पाहत नव्हती. घोडीही काही बोलली नाही. ती उड्या मारत ओढ्यावर गेली आणि उड्या मारत परत आली.

चौथ्या दिवशी ऊन कलताना झाडांच्या शेंड्यांवरून माकडांचा खाकरल्यासारखा इशारा उठला. बिबट्या! हरणे क्षणात दिसेनाशी झाली. गाढवीणही जिवाच्या आकांताने पळत सुटली. तीसेक पावले गेल्यावर तिला मागून तो ओळखीचा आवाज ऐकू आला. धप्प. धप्प. तिने वळून पाहिले. घोडी डोळे फाडून, तोंडाला फेस आणून, त्या इवल्या इवल्या उड्या मारत होती, आणि करवंदीच्या जाळीतून बिबट्या दबकत बाहेर पडत होता. त्याच्या मागे थोडे अंतर राखून कोल्हा चालत होता. बिबट्याचे उरलेसुरले आपल्याला मिळते, हे त्याला चांगलेच माहीत होते.

गाढवीण परत फिरली. घोडी आणि बिबट्या यांच्यामध्ये ती उभी राहिली, बिबट्याकडे पाठ करून तिने मागचे पाय तयार ठेवले आणि असा काही गळा काढला, की दरी दणाणून गेली. माकड आणि त्याची टोळी वरून वाळक्या फांद्या, कच्ची फळे, हाताला येईल ते फेकू लागली. बिबट्या जवळ आला तशी गाढविणीने दुगाणी झाडली. लाथ त्याच्या जबड्याला ओझरती लागली. तो गुरगुरला, जरा विचारात पडला आणि एवढ्या गोंगाटात शिकार नको, असे ठरवून जाळीत शिरला. कोल्ह्याने तर त्याच्याही आधी पळ काढला होता.

गाढवीण घोडीसमोर येऊन उभी राहिली. आज मात्र तिने तिच्या डोळ्यांत पाहिले.

"ही दोरी तीन दिवसांपूर्वीच सुटली असती," ती म्हणाली. "मी सोडू दिली नाही. खुरांचं खोटं होतं, कातडीचंही खोटं. तू निघून जाशील, याची मला भीती वाटली."

"मला कळलं होतं," घोडी हळूच म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मागितलं म्हणजे मिळतं, हे मला कधी माहीतच नव्हतं."

गाढविणीने माकडाकडे पाहून मान हलवली. माकड झाडावरून उतरले आणि घोडीच्या पायांशी बसले. त्याने घाई केली नाही. बोटांनी, मग दातांनी, मग पुन्हा बोटांनी त्याने एकेक पीळ उकलला. दोरी गळून पडली. खाली पायांवर केस गेलेले दोन वळ उमटले होते. घोडी ओढ्याकडे निघाली... धप्प. धप्प. पाय मोकळे झाले, तरी ती उड्याच मारत होती!

"अगं, सुटलीस तू!" माकड म्हणाले.

"राहू दे," गाढवीण म्हणाली. "पायांना अजून कळलेलं नाही. त्यांना वेळ लागेल."

मग गाढवीण रोज तिच्या बरोबरीने चालू लागली. आधी एक पाय. मग दुसरा. पहिल्या दिवशी घोडीने एकच सुटे पाऊल टाकले आणि भिऊन थांबली. आठवडाभराने ती सरळ चालू लागली. चैत्राच्या अखेरीस ती दुडक्या चालीने ओढा ओलांडून गेली. आणि एका सकाळी, अंगाला वारा लागताच, ती चौखूर उधळली. आयाळ उडवत ती मोकळ्या माळावरून अशी धावली, की पाहणाऱ्यांचे श्वास रोखले गेले. माळ संपला, पलीकडची टेकडी आली, आणि ती टेकडीमागे दिसेनाशी झाली.

"गेली!" माकड शेंड्यावरून ओरडले. "मावशी, न सांगता गेली हो! आपण एवढं केलं आणि तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही!"

"धावताना मागं कशी बघेल?" गाढवीण म्हणाली. "पडेल ना." एवढे बोलून ती चरू लागली. पण त्या दिवशी तिने एकाच जागचे गवत फार वेळ चघळले.

सहा दिवस गेले. सातव्या दिवशी दुपारी, गाढवीण जांभळाखाली डोळे मिटून उभी असताना, तिच्या तोंडावरची माशी कुणीतरी शेपटीने वारली. तिने डोळे उघडले. घोडी शेजारी उभी होती. तिच्या अंगाला टेकडीपलीकडच्या तांबड्या मातीची धूळ होती.

"तिकडे मोठं कुरण आहे," घोडी सांगू लागली. "एवढं उंच गवत! तुला एवढं चढवणार नाही, म्हणून मीच सांगायला आले." ती पुष्कळ बोलली, दुपारभर बोलली. ऊन उतरल्यावर तिने गाढविणीच्या मानेला नाक घासले आणि पुन्हा टेकडीकडे निघून गेली. तेव्हापासून ती अशीच येई. कधी लागोपाठ दोन दिवस, कधी पंधरा दिवसांनी. तिच्या मनाला येईल तेव्हा येई, आणि मनाला येईल तेव्हा जाई.

माकडाला ते समजेना. ते म्हणाले, "मावशी, ती जायला निघते, तेव्हा तुमचा चेहरा उतरतो. तुम्ही तिला एकदा 'थांब' का म्हणत नाही?"

टेकडी चढणाऱ्या घोडीकडे पाहत गाढवीण म्हणाली, "थांब, हे तिनं जन्मभर ऐकलंय रे."

तात्पर्य : दुःखिताला मदत करताना आपली हौस किंवा आपली गरज पाहू नये; त्याला काय हवे, किती हवे आणि केव्हा हवे ते पाहावे, आणि तो सावरला की त्याला आनंदाने मोकळे करावे.